दोरीवरच्या पट्ट्या आणि डबल पिवळा

रविवारी सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालत होते तर शेजारच्या काकू त्यांच्या गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, उलटे करता करता तिकडूनच ओरडल्या, "काय व, कोणाला लागलं का? एवढ्या पट्ट्या कशाच्या?" मी म्हटलं नाही हो काकू, कोणाला नाही लागलं. "मंग?" आता मंग काय सांगणार. दोरीवर चार लांबच लांब पट्ट्या वाऱ्यावर हलत होत्या, एकेक साडेचार मीटरची, मूळच्या पांढऱ्या पण घामानं पिवळट झालेल्या, लांबून पाहिलं तर घरात कोणाचं तरी मोठं ऑपरेशन झालंय असंच वाटावं. मी म्हटलं बॉक्सिंगच्या आहेत. काकूंनी हातातला बिबडा तसाच धरला आणि दोन मिनिटं माझ्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "भाऊजींना माहितीये का?"

तर हे माझ्या बॉक्सिंगबद्दल. बऱ्याच जणींनी विचारलं म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

मी जळगावात एका डाळ मिलच्या अकाउंटमध्ये आहे, सतरा वर्षं झाली, त्याच खुर्चीत. म्हणजे खुर्ची दोनदा बदलली पण जागा तीच. मागच्या मार्च एंडला पाठ इतकी धरली की मोज्यात पाय घालायला लेकीला बोलवावं लागलं, आणि त्याच महिन्यात तपासणीत तीन महिन्यांची सरासरी शुगर ६.२ आली. डॉक्टर म्हणाले अजून डायबेटिस नाही पण उंबरठ्यावर आहात, चाला. मी चालले. मेहरूण तलावावर दीड महिना चालले, खोटं नाही बोलत. पण माझं असं आहे की पाय चालतात आणि डोकं ऑफिसातच असतं, तलावाला फेरी मारून आले की कळायचं आपण अर्धा तास कोणाच्या तरी जीएसटीचा फरक शोधत होतो. त्याच्या आधी एका जिमला वर्षाचे पैसे एकदम भरले होते, तिसऱ्या महिन्यात शटर खाली, फोन लागेना, तो किस्सा वेगळा आणि तो काढला की आमचे हे अजूनही हसतात म्हणून राहू द्या.

मग आमच्या गल्लीतल्या एक शाळेतल्या बाई आहेत, त्या म्हणाल्या चला माझ्याबरोबर, बॉक्सिंग आहे पण कोणाला मारायचं नाही आणि कोणाचं खायचंही नाही. मी म्हटलं मग राहिलं काय त्यात? घरी सांगितलं तर सासूबाई, त्या अमळनेरकडच्या, पक्क्या अहिराणी, चहाची बशी खाली ठेवून म्हणे, "आते कोणले कुटनं शे तुले?"

हॉल म्हणजे आधी चटयांचं गोडाऊन होतं. वर पत्रे, बाजूला खिडक्यांना जाळ्या, लोखंडी गर्डरला सहा बॅगा टांगलेल्या, जमिनीवर काळे रबरी मॅट, आणि एका कोपऱ्यात अजून चटयांच्या रंगीत कडांची दोन बंडलं पडलेली. बॅच सकाळी पावणेसहाची. आम्ही अकरा जण. सगळ्यात लहान एकोणीसची पोरगी, पोलीस भरतीची तयारी करणारी, सगळ्यात मोठे नाना, सदुसष्टचे. मध्ये आम्ही सगळे, दोन शिक्षिका, एक मेडिकल दुकानवाली ताई, एक केळीच्या ट्रकांचा हिशोब बघणारा भो, असे. सर सव्वीस वर्षांचा पोरगा, धुळ्याचा, युनिव्हर्सिटीकडून खेळलेला, आम्ही सगळे त्याला सर म्हणतो, शाळेतल्या बाई सोडून. त्या त्याला बेटा म्हणतात, आणि तो त्यांनाच जास्त घाबरतो.

पहिल्याच दिवशी सर म्हणाले, इथं कोणी कोणाला हात लावणार नाही. बॅगेवर मारायचं, सरांनी हातात धरलेल्या पॅडवर मारायचं, हवेत मारायचं. डोक्याला हेल्मेट नको, तोंडात गार्ड नको, कारण डोक्यावर बुक्की येणारच नाही. आणि दुसरी गोष्ट, हे स्वसंरक्षण नाही, रस्त्यावर कोणी अंगावर आला तर पळा, इथं शिकलेलं तिथं वापरायला जाऊ नका. हे मला फार आवडलं, कारण मोबाईलवर बघावं तर जो तो महिन्याभरात वाघीण करून देणारा.

मला वाटलेलं जायचं, ग्लोव्ह घालायचे, धपाधप सुरू. पहिला आठवडा नुसतं उभं राहायला शिकवलं. डावा पाय पुढे, उजवा मागे आणि थोडा बाहेर, मागची टाच उचललेली, गुडघे सैल, हनुवटी खाली, दोन्ही मुठी गालाला. चव्वेचाळीस वर्षं आपण उभे राहत आलोय आणि कोणी येऊन सांगतं की ताई तुम्हाला उभं राहता येत नाही. खरंच येत नव्हतं. माझं सगळं वजन टाचांवर, रांगेत गॅस सिलेंडरसाठी उभी आहे तशी. सर नुसतं बोटानं खांद्याला टेकायचे आणि मी मागे.

आणि त्या पट्ट्या. त्या बांधायला मला पंधरा मिनिटं लागायची, आता चार लागतात. एका टोकाला लूप असतं ते अंगठ्यात अडकवायचं, मग हाताच्या मागच्या बाजूनं मनगटाकडे, मनगटाला तीन वेढे, मग वर येऊन बोटांच्या गाठींवर तीन, मग करंगळीच्या बाजूनं एकेका बोटाच्या फटीतून काढत पुन्हा मनगट, अंगठ्याला एक, आणि जेवढी उरेल तेवढी परत मनगटाला, शेवटी वेल्क्रो. बांधताना बोटं फाकवून ठेवायची, हे महत्त्वाचं, नाहीतर मूठ वळली की रक्तच थांबतं. पहिल्यांदा मी इतकी आवळली की बोटं जांभळी झाली, दुसऱ्यांदा इतकी सैल की ग्लोव्हमध्ये गोळा झाला. शाळेतल्या बाई म्हणाल्या, लुगडं नेसायला शिकतो तसं आहे, रागारागानं होत नाही. आता पहाटे हॉलच्या पायरीवर बसून कोणी बोलत नाही, सगळे माना खाली घालून आपापले हात गुंडाळत असतात, बाहेर दूधवाल्याच्या कॅन वाजतात, तो वेळ मला दिवसातला सगळ्यात चांगला वाटतो, व्यायामापेक्षाही.

पट्टीची किंमत कळली ती तिसऱ्या आठवड्यात. उशीर झाला म्हणून पट्टी न बांधता नुसते ग्लोव्ह चढवले आणि हुक मारला, म्हणजे बाजूनं वळवून बुक्की, मनगट वाकलं, आणि बॅगेला लागली ती करंगळीकडची बाजू. दोन दिवस पेन धरता येईना. बुक्की लागावी ती पहिल्या दोन गाठींवर, अंगठ्याशेजारच्या बोटाच्या आणि मधल्या बोटाच्या, कारण ती हाडं जाड असतात आणि सरळ मनगटाच्या रेषेत येतात. करंगळीखालचं हाड बारीक, चुकीचं मारलं की तेच मोडतं, त्याला डॉक्टर लोक बॉक्सर फ्रॅक्चरच म्हणतात, आणि मजा अशी की ते मुरलेल्या बॉक्सरपेक्षा रागात भिंतीवर हात मारणाऱ्यांनाच जास्त होतं म्हणे. माझं मोडलं नाही, सुजलं. मिलमध्ये सगळ्यांना सांगितलं दारात बोट सापडलं.

बुक्क्यांना नंबर असतात. एक म्हणजे जॅब, पुढच्या हाताची सरळ. दोन म्हणजे क्रॉस, मागच्या हाताची. तीन-चार हुक, पाच-सहा अपरकट, म्हणजे खालून वर, विषम आकडे पुढच्या हाताचे, सम मागच्या हाताचे. सर नुसते आकडे सांगतात, एक-दोन, एक-एक-दोन, एक-दोन-तीन-सहा, आणि तुम्ही तसं मारायचं. मी अकाउंटवाली, मला वाटलं आकडे म्हणजे आपलं घर. पण डोक्याला कळलेला तीन हाताला कळेपर्यंत पुढचा आकडा येऊन गेलेला असतो. आणि इथंच माझं तलावावरचं दुखणं सुटलं, कारण एक-दोन-तीन-सहा चालू असताना कोणाच्या बापाला जीएसटी आठवणार नाही. ताकद हातात नसते हेही खूप उशिरा कळलं. क्रॉस मारताना मागचा पाय चवड्यावर फिरतो, बिडी पायाखाली विझवतात तसा, त्याच्यामागे कंबर फिरते, मग खांदा, आणि हात सगळ्यात शेवटी जातो, जवळजवळ फुकटात. ज्या दिवशी हे पहिल्यांदा बरोबर जमलं त्या दिवशी बॅगेचा आवाज बदलला. आधी थप थप यायचा, गोणी आपटल्यासारखा. त्या दिवशी एकच आला, धाप्प, आणि केळीवाला भो मागे वळून म्हणाला, "आयला ताई!"

दोन मिनिटं मारायचं, एक मिनिट थांबायचं. खरे बॉक्सर तीन मिनिटं खेळतात. सरांकडून कळलं की ही तीन मिनिटं आणि एक मिनिटाची विश्रांती इंग्लंडातल्या क्वीन्सबेरी नियमांतून आलीय, १८६७ च्या, ग्लोव्हची सक्तीही तेव्हाचीच. त्या एका मिनिटात आम्ही पाणी पितो आणि सर काहीतरी सांगतात, त्यांना वाटतं आम्ही ऐकतोय, आम्ही खरं तर नुसता श्वास घेत असतो. पण मेरी कोमचं सगळ्या ऐकतात. बायकांचं बॉक्सिंग ऑलिंपिकमध्ये आलंच मुळी २०१२ ला, लंडनला, आणि त्याच वेळी हिनं ५१ किलोत ब्राँझ आणलं, तोवर जुळी मुलं पाच वर्षांची झालेली. मेडिकलवाल्या ताई म्हणाल्या, "जुळ्यांनंतर? मला एकानंतर कमरेत वाकता येत नाही." मग निखत झरीन, निजामाबादची, २०२२ ला वर्ल्ड चॅम्पियन. पोलीस भरतीवाल्या पोरीच्या मोबाईलच्या कव्हरमागे तिचा फोटो आहे.

आता आवाजाचं सांगते. बुक्की मारताना श्वास सोडायचा असतो, तोंडानं, श्श किंवा स्स असा, प्रत्येक बुक्कीला एक. श्वास धरून मारलं तर अर्ध्या मिनिटात माणूस संपतो. पुरुषांना हे लगेच आलं, पहिल्याच दिवशी हॉल म्हणजे लोहाराचा भाता. आम्हा बायकांना येईना. सर म्हणायचे ताई आवाज येऊ द्या, आणि आम्ही तोंड मिटून, नाकातून, कोणाला ऐकू जाणार नाही असा. दोन महिने. मी घरी बाथरूमचा नळ सोडून प्रॅक्टिस केली, खरंच सांगते. विचार करत होते की आपण शेवटचा मोठ्यानं श्वास कधी सोडला, तर लेकीच्या वेळी बाळंतपणात, आणि तेव्हाही नर्स म्हणालेली ओरडू नका बाई.

आणि असाच आवाज नव्हता नानांना. त्यांचं कारण वेगळं.

नाना भुसावळला रेल्वेत ड्रायव्हर होते, आता लोको पायलट म्हणतात, पण ते स्वतःला ड्रायव्हरच म्हणवतात. रिटायर झाल्यावर मुलाकडे जळगावला. त्यांना पार्किन्सन्स आहे, कंपवात. उजवा हात थरथरतो, पावलं इतकी आखूड की घासत येतात, आणि आवाज पार बसलेला, शेजारी बसलात तरच ऐकू येईल. मला सगळ्यात चटका लागला तो सहीचा. त्यांची सही बारीक होत होत मुंगीएवढी झाली, एका बँकेनं चेक परत केला, सही जुळत नाही म्हणून. या आजारात अक्षर असंच लहान लहान होत जातं, हे मला नंतर कळलं. मी स्वतः सतरा वर्षं सह्या जुळवते आहे, किती नानांचे चेक मी परत पाठवले असतील कोण जाणे.

त्यांच्या मेंदूच्या डॉक्टरांनीच व्यायाम सांगितला होता, आणि सरांनी आधी डॉक्टरांची चिठ्ठी मागितली तेव्हा घेतलं. मला वाटलेलं हे काय भलतंच, थरथरत्या माणसाला बॉक्सिंग. घरी येऊन वाचलं तर अमेरिकेत इंडियानापोलिसला २००६ पासून असे वर्ग आहेत, पार्किन्सन्सवाल्यांसाठी, असेच न लागणारे, न मारणारे, रॉक स्टेडी बॉक्सिंग नावाचे. स्कॉट न्यूमन म्हणून तिथला सरकारी वकील होता, त्याला चाळिशीत हा आजार झाला, त्यानं सुरू केलं. त्यात तसं गूढ काही नाही. हा आजार हालचाल लहान करतो, पाऊल लहान, अक्षर लहान, आवाज लहान, आणि बॉक्सिंगमध्ये सगळं मोठं करावं लागतं, हात पूर्ण लांब, पाऊल पूर्ण, कंबर पूर्ण वळवून, वर तोल सांभाळायचा आणि मोठ्यानं आकडा म्हणायचा. आजार त्यानं बरा होत नाही. गोळ्या चालूच असतात, नानांच्या घड्याळात गोळीचा अलार्म क्लासमध्येही वाजतो. पण चालण्याला, तोलाला फायदा होतो. ते मारत असतात तेव्हा त्यांचा मुलगा पाठीशी हात लांब करून उभा असतो, आणि बाजूला एक खुर्ची.

त्यांची एक अडचण दाराची. हॉलच्या उंबऱ्याशी आले की पाय जमिनीला चिकटल्यासारखे, पुढे पडतच नाहीत. आधी आम्ही हात धरून ओढायला जायचो, ते चूक, ओढलं की माणूस तोंडावर पडतो. मग सरांनी कुठून तरी विचारून घेतलं आणि दाराच्या आत-बाहेर जमिनीवर पिवळ्या टेपच्या आडव्या पट्ट्या चिकटवल्या, फूट दीड फुटावर एकेक. नानांनी खाली पाहिलं, हसले, आणि म्हणाले (मी शेजारीच होते म्हणून ऐकू आलं), "स्लीपर टाकले का रे भो." रुळांखाली आडवे असतात ते. आणि एकेका पट्टीवरून पाय उचलून टाकत आत आले. डोळ्यांना रेघ दिसली की पाऊल सुटतं, असं काहीतरी आहे ते.

आकडे मोठ्यानं म्हणायचे म्हटलं की मात्र नाना पुटपुटायचे. एक, दोन. सर म्हणायचे नाना ऐकू येत नाही, आणि मी मनात म्हणायचे असू दे रे बाबा, आमचाही येत नाही. असे दोन-अडीच महिने गेले. एक दिवस सरांनी त्यांना पॅडवर घेतलं होतं, एक-एक म्हणायचं होतं, म्हणजे दोन जॅब, आणि नानांच्या तोंडून निघालं "डबल पिवळा!" आणि असं निघालं की गर्डरवरची कबुतरं उडाली. सगळे थांबले. नाना स्वतःच दचकले.

मग त्यांनी सांगितलं. इंजिनात ड्रायव्हर आणि असिस्टंट दोघांनी सिग्नल दिसला की मोठ्यानं म्हणायचा असतो, एकानं म्हणायचं, दुसऱ्यानं परत म्हणायचं, रात्र असो पाऊस असो, इंजिनच्या आवाजाच्या वर. लाल, पिवळा, डबल पिवळा, हिरवा. छत्तीस वर्षं. तो आवाज अजून आत कुठेतरी शाबूत होता, आकड्यांनी तो निघत नव्हता एवढंच.

सरांनी त्याच दिवशी पद्धत बदलली. पिवळा म्हणजे एक जॅब. डबल पिवळा म्हणजे दोन. हिरवा म्हणजे सुटायचं, एक-दोन-तीन-सहा, थांबायचं नाही. लाल म्हणजे हात गालाला, हनुवटी खाली, हलायचं नाही. आणि नानांनी सांगितलं की सिग्नल म्हणणारा एकटा नसतो, परत म्हणावाच लागतो, नाहीतर रिपोर्ट होतो. म्हणून आता ते ओरडतात आणि आम्ही बाकीचे दहाही जण ओरडतो आणि मारतो. माझा आवाज तिथं निघाला. श्वास सोडायचं विसरलेच मी, तो आपोआप सुटायला लागला, कारण हिरवा म्हणून किंचाळल्यावर श्वास धरून ठेवणार तरी कसा.

बाकी हिशोब असा. वजन अडीच किलोच कमी झालंय, कोणी विचारू नका, जळगावात राहून शेवभाजी आणि थंडीत दर रविवारी कोणाच्या तरी मळ्यात भरीत, ते होणारच. शुगर ५.९ आली. पाठ ठीक. ऑनलाइन मागवलेल्या ग्लोव्हचं लेदर दोन महिन्यांत पापडासारखं सोलून निघालं, ते लेदर नव्हतंच, तेव्हा हातात घेऊन बघून घ्या, १२ औंसचे बायकांना बॅगेसाठी पुरतात. आणि वापरून झाले की पिशवीत कोंबू नका, वास इतका येतो की सासूबाईंनी एकदा घरात उंदीर मेला म्हणून कपाट ओढायला लावलं होतं. त्या अजून एकदाही बघायला आल्या नाहीत, पण परवा त्यांच्या बहिणीला फोनवर सांगत होत्या, "मनी सून बॉक्सिंग खेळस," आणि सुरात तक्रार नव्हती.

आता ऊन वाढलंय. पत्र्याचा हॉल, सातलाच तव्यासारखा तापतो, मे मध्ये पारा ४५ ला गेला की काय होईल देव जाणे, म्हणून बॅच सव्वापाचला आणलीय. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोन दिवस सुट्टी मागितली तर सर म्हणाले एकच.

शनिवारी शेवटचा पूर्ण राउंड नानांचा असतो. खुर्चीशेजारी उभे राहतात, डावा हात खुर्चीच्या पाठीवर, उजवा थरथरत असतो तो तसाच. पिवळा. आम्ही पिवळा. डबल पिवळा. आम्ही डबल पिवळा. मग लाल देतात, आणि देऊन गप्प बसतात. मुठी गालाला, गुडघे वाकलेले, घाम डोळ्यात जातोय, पुसता येत नाही, टायमरवर वीस सेकंद उरलेत, पंधरा, केळीवाला भो कण्हतोय, "नाना द्या ना," आणि नाना ढिम्म, भुसावळच्या आउटरला गाडी उभी करतात तसे आम्हाला उभे करून समोर भिंतीकडे बघत राहतात.